मुंबईची ग्रंथालये : ज्ञानदानाचा जमाखर्च

कार्तिक शुद्ध पंचमी हा दिवस व्यापारी जैन कुटुंबांत दोन नावांनी ओळखला जातो. पेढीवर ती लाभपंचमी असते. दिवाळीत पूजन केलेल्या वह्या त्या दिवशी उघडतात आणि नव्या वर्षाचा पहिला सौदा नोंदला जातो. उपाश्रयात तीच ज्ञानपंचमी होते. पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांच्यावरील धूळ झाडली जाते, नवी बंधने बांधली जातात आणि ज्ञानाचे पूजन होते. दिगंबर परंपरेत हा मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीस आहे. लाभ आणि ज्ञान एकाच तिथीला यावेत, यात आपल्या पूर्वजांची एक दृष्टी दिसते. मिळवलेल्या धनाचा काही अंश ज्ञानाकडे वळला पाहिजे, अशी ती दृष्टी होय.

मुंबई शहराच्या ग्रंथालयांचा इतिहास हा या दृष्टीचाच विस्तार आहे. या शहरात ग्रंथालये उभी राहिली ती बहुतांशी व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून आणि सामान्य वाचकांच्या वर्गणीतून. त्यांपैकी देणग्यांची आठवण दगडावर कोरलेली आहे. वर्गणीची आठवण कोठेही कोरलेली नाही. आणि आज या संस्थांपुढे जो प्रश्न उभा आहे तो नेमका वर्गणीचाच आहे.

बंद भांडार, उघडे दार

ग्रंथसंग्रह ही गोष्ट जैन समाजाला नवी नाही. पाटण, जैसलमेर, मूडबिद्री आणि आपल्या विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारांनी शतकानुशतके ताडपत्रे व हस्तलिखिते जतन केली. आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या जोडीने शास्त्रदानाला चार दानांत स्थान मिळाले. पोथी लिहवून घेऊन साधूंना अथवा मंदिराला अर्पण करणाऱ्या श्रावक-श्राविकांची नावे अनेक हस्तलिखितांच्या अखेरच्या पानावर आजही वाचावयास मिळतात.

तथापि ही भांडारे मुख्यतः रक्षणासाठी होती. किल्ल्या संघाच्या विश्वस्तांकडे असत, आणि आक्रमणांच्या व अस्थिरतेच्या काळात ते योग्यही होते. मात्र काळ पालटल्यावर बंद कुलूपाची किंमतही मोजावी लागली. षट्खंडागमावरील धवला टीका मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर सुरक्षित होती, परंतु भाविकांना तिचे केवळ दर्शन घडे, वाचन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद हिराचंद जव्हेरी या दोन श्रेष्ठींनी तिच्या प्रती करवून घेण्यासाठी पुढाकार घेतला. त्या कामाला अनेक वर्षे लागली. अखेर डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ साली पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला. ज्या ग्रंथाच्या पूर्ततेचे स्मरण म्हणून श्रुतपंचमी साजरी होते, तो ग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती विसाव्या शतकात आला.

रक्षणाकडून वाचनाकडे झालेला हा प्रवास मुंबई शहराने सार्वजनिक ग्रंथालयांच्या रूपाने आधीच सुरू केला होता.

टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

मुंबईतील जुन्या ग्रंथसंस्थांत अग्रमान एशियाटिक सोसायटीचा. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी १८०४ साली 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन केली आणि तिच्यातूनच ही संस्था पुढे विकसित झाली. तिचे वास्तव्य फोर्टमधील टाउन हॉलमध्ये आहे. या इमारतीसाठी प्रारंभी लॉटरी काढून पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला होता. तो अपुरा पडला, पुढे सरकारला भार उचलावा लागला आणि १८३३ साली इमारत पूर्ण झाली. समोरील तीस पायऱ्या आणि भव्य खांब यांमुळे ती वास्तू आजही लक्ष वेधून घेते.

त्या पायऱ्या चढण्याचा अधिकार मात्र सर्वांना नव्हता. पहिली काही दशके सभासदत्व युरोपियनांपुरते मर्यादित होते. १८४० साली माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश मिळाला तेव्हा ही भिंत प्रथम ढळली. पुढे हिंदी विद्वानांनी आणि धनिकांनी या संस्थेत मानाचे स्थान मिळवले. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे एक शिल्पकार, व्यापारी जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा त्याच टाउन हॉलमध्ये विराजमान आहे.

जैन वाचकांच्या दृष्टीने या ग्रंथालयाचे एक विशेष महत्त्व आहे. विल्सन महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक हरि दामोदर वेलणकर यांनी येथील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची तयार केली. तिच्यात जैन वाङ्मयाचा स्वतंत्र विभाग आहे. याच वेलणकरांनी पुढे जैन ग्रंथ व ग्रंथकार यांची 'जिनरत्नकोश' ही बृहत्सूची सिद्ध केली. १९४४ साली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रसिद्ध केली. एका अजैन प्राध्यापकाने जैन साहित्याची एवढी मोठी सेवा केली. भांडारांच्या सूची आणि त्यांतील ग्रंथ अभ्यासकाला पाहावयास मिळाले, म्हणूनच हे कार्य शक्य झाले. उघड्या दाराचे मोल यावरून ध्यानी यावे.

कारागिरांपासून कुटुंबांपर्यंत

एशियाटिक सोसायटी विद्वानांची होती. काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालयाचा उगम याहून निराळा आहे. सरकारी टांकसाळ व गोदी येथे काम करणाऱ्या तरुण यांत्रिकांनी १८४७ साली ज्ञानवृद्धीसाठी एक संस्था काढली. बगदादहून येऊन मुंबईत स्थिरावलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या घराण्याचे साहाय्य तिला लाभले आणि १८७० साली सध्याची पिवळसर दगडाची देखणी इमारत उभी राहिली. तेथील वाचनकक्ष आणि मागची बाग यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना कोलाहलापासून दोन घटका विसावा दिला आहे.

याच काळात अन्य समाजांनीही आपापली दारे उघडली. अलेक्झांडर किन्लॉक फॉर्ब्स यांच्या प्रेरणेने १८६५ साली गुजराती सभा स्थापन झाली. ती आज फार्बस गुजराती सभा या नावाने परिचित असून गुजराती ग्रंथ व हस्तलिखिते यांचे मोलाचे केंद्र आहे. फोर्टमध्ये काही पारशी तरुणांनी १८५६ साली 'फोर्ट इम्प्रूव्हमेंट लायब्ररी' सुरू केली होती. तिला दीनबाई पेटिट यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ इमारत दिली, आणि ती जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपास आली.

प्रेमचंद रायचंद यांचे चार लाख

ग्रंथालयासाठी झालेल्या दानांत सर्वांत स्मरणीय दान एका जैन व्यापाऱ्याचे आहे. सुरतेहून मुंबईस आलेल्या घराण्यातील प्रेमचंद रायचंद हे कापूस व शेअर बाजाराचे अनभिषिक्त सम्राट मानले जात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीच्या ऐन भरात, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव असावे, एवढी त्यांची इच्छा होती.

पुढच्याच वर्षी युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले. जुलै १८६५ मध्ये मुंबईच्या बाजारपेठेवर जे संकट आले त्यात अनेक पेढ्या बुडाल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली आणि १८६८ साली त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. स्वतः प्रेमचंदांचेही प्रचंड नुकसान झाले.

सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार ग्रंथालय व मनोऱ्याचे बांधकाम १८६९ साली सुरू झाले आणि १८७८ साली पूर्ण झाले. सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी असलेले रंगीत काचांच्या खिडक्यांचे वाचनालय दीडशे वर्षांनंतरही उभे आहे. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपला नियम पाळण्यासाठी त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा उपयोग व्हावा, म्हणून हा मनोरा बांधला, अशी कथा समाजात सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट हिशेबाच्या वहीइतकी स्पष्ट आहे. त्या तेजीत ज्या पैशाचे शेअर झाले, तो गेला. ज्या पैशाचे ग्रंथालय झाले, तो राहिला. प्रेमचंदांच्या साऱ्या सौद्यांत हाच सौदा सर्वांत टिकाऊ ठरला.

मराठी वाचकाचे घर

या इमारती उभ्या राहत असताना मराठी ग्रंथांचे स्वतंत्र संग्रहालय मात्र कोठेही नव्हते. ही उणीव ठाण्याने प्रथम भरून काढली. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सहकारी यांनी १८९३ साली ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्या पाठोपाठ १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जन्म झाला.

पेटिट इन्स्टिट्यूटची दिमाखदार इमारतही १८९८ सालचीच. एकीकडे एका मातेचे मोठे दान होते. दुसरीकडे गिरगावातील मध्यमवर्गीयांची उमेद आणि त्यांची लहानशी वर्गणी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी कोणी एक महादाता नव्हता. लेखकांनी पुस्तके दिली, कार्यकर्त्यांनी वेळ दिला, सभासदांनी दरमहा पैसे दिले. त्या बळावर संस्था दादरला स्थिरावली, नायगावच्या संदर्भ विभागात दुर्मीळ ग्रंथ व नियतकालिके जमा झाली आणि शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत शाखा उघडल्या. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक आणि गृहिणी यांच्या घरात कथा-कादंबऱ्या पोहोचल्या त्या या शाखांच्या खिडकीतून.

कायदा आणि अनुदान

स्वातंत्र्यपूर्व काळातच शासनानेही या विषयाची दखल घेतली होती. १९३९ साली मुंबई सरकारने आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी, अशी शिफारस या समितीने केली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तो देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक झाले. त्या मोजक्या ग्रंथालयांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला. तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर वसूल होतो. त्यामुळे तेथील ग्रंथालयांना उत्पन्नाचे एक निश्चित साधन असते. महाराष्ट्राने उपकराचा मार्ग स्वीकारला नाही. येथे ग्रंथालये लोकांनी चालवावीत आणि शासनाने त्यांना अनुदान द्यावे, अशी व्यवस्था झाली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि कामकाज यांनुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात व त्याप्रमाणे अनुदान मिळते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथखरेदीस साहाय्य करते.

या व्यवस्थेचा गुण असा की, संस्था लोकांच्या राहतात. तिचा दोष असा की, लोकांनी पाठ फिरवली तर केवळ अनुदानावर संस्थेला उभे राहता येत नाही. सभासद घटले तर वर्गणी घटते. वर्गणी घटली की नवी पुस्तके येत नाहीत. नवी पुस्तके नसली की आणखी सभासद जातात. व्यापारात ज्याला गिऱ्हाईक तुटणे म्हणतात, तीच ही अवस्था होय.

आज मिळणाऱ्या सेवा

ग्रंथालय म्हणजे केवळ कादंबऱ्यांची देवघेव, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सेवांचा विस्तार बराच मोठा आहे. मुक्त वाचनकक्षात वृत्तपत्रे व मासिके सहसा विनामूल्य वाचता येतात. देवघेव विभागातून अनामत व मासिक वर्गणी भरून पुस्तके घरी नेता येतात. संदर्भ विभागात कोश, गॅझेटियर, जुनी वृत्तपत्रे व दुर्मीळ ग्रंथ बसून पाहता येतात. अनेक ठिकाणी बालविभाग असतो, व्याख्यानमाला व स्पर्धा होतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासिकेची एक खुर्ची ही शिष्यवृत्तीइतकीच मोलाची असते.

जुने ग्रंथ टिकवण्याचे कामही चालू आहे. एशियाटिक सोसायटीने दुर्मीळ ग्रंथ 'दत्तक' घेण्याची योजना आखली. दात्याने रक्कम द्यावी आणि तिच्यातून त्या ग्रंथाचे शास्त्रशुद्ध जतन व्हावे, अशी ती कल्पना. 'ग्रंथ संजीवनी' या उपक्रमातून जुने ग्रंथ संगणकावर वाचण्याची सोय तिने केली आहे. राजाबाई मनोरा, ससून ग्रंथालय आणि पेटिट इन्स्टिट्यूट यांच्या वास्तूंचाही गेल्या काही वर्षांत जीर्णोद्धार झाला.

साधारण खात्याचा प्रश्न

इमारतींचे रूप पालटले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हिशेब जाणणाऱ्याला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. इमारत, दालन, कपाट यांसाठी दाता मिळतो, कारण तेथे नावाची पाटी लागते. ग्रंथपालाचा पगार, पुस्तकांची बांधणी, वाळवीप्रतिबंध, विजेचे बिल यांवर कोणाच्याही नावाची पाटी लागत नाही. म्हणूनच अनेक वाचनालयांत कपाटे देणगीदारांच्या नावांनी भरलेली दिसतात आणि ती उघडून देणारा कर्मचारी मात्र तुटपुंज्या वेतनावर काम करीत असतो.

श्वेतांबर संघांच्या विश्वस्तांना हे चित्र परिचित आहे. देवद्रव्याचे चढावे उत्साहाने बोलले जातात. तूट येते ती साधारण खात्यात. ग्रंथालयांची तूटही साधारण खात्यातलीच आहे. ज्ञानखात्याचे द्रव्य कोठे व कसे वापरावे याचे नियम गुरुभगवंत सांगतात आणि ते पाळलेच पाहिजेत. येथे प्रश्न आहे तो घरच्या खर्चाच्या वहीतील एका ओळीचा.

त्या ओळीत पहिले स्थान सभासदत्वाला असावे. बहुतेक मराठी वाचनालयांची महिन्याची वर्गणी ही एका कुटुंबाच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलाहून कमी असते. दहा हजारांची एकरकमी देणगी संस्थेला एक वर्ष आधार देते. शंभर कुटुंबांचे नियमित सभासदत्व तिचा वर्ग आणि तिचे अनुदान टिकवण्यास हातभार लावते, शिवाय पुस्तके वाचलीही जातात.

दुसरे स्थान डोळस ग्रंथदानाला असावे. घर बदलताना नको झालेली पुस्तके पोत्यात भरून वाचनालयाच्या दारात ठेवणे हे दान नव्हे. त्याने केवळ रद्दीची जागा बदलते. ग्रंथपालाकडून गरजेच्या पुस्तकांची यादी मागावी आणि त्यांतील पुस्तके घेऊन द्यावीत. याउलट पेढीवरील जुन्या वह्या, हुंड्यांचे कागद, समाजाच्या जुन्या मासिकांचे अंक यांना रद्दीत घालू नये. मुंबईच्या व्यापाराचा आणि जैन समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी ती मूळ साधने आहेत. एखाद्या संदर्भ ग्रंथालयाला विचारून ती सुपूर्द करता येतील.

तिसरे स्थान सेवेला असावे. हिशेब, लेखापरीक्षण, अनुदानाची कागदपत्रे, संगणकीय नोंदणी ही कामे जाणणारी माणसे आपल्या प्रत्येक कुटुंबात आहेत. निवृत्तीनंतरचे आठवड्याचे दोन तास एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला नवे बळ देऊ शकतात.

जैन आचारात ज्ञानाची आशातना हा दोष मानला आहे. पुस्तकाला पाय लागला तर आपण लगेच नमस्कार करतो. वाळवीने पोखरलेले पुस्तक, वर्षानुवर्षे न उघडलेले कपाट आणि सभासदांअभावी अर्धा दिवस बंद राहणारे वाचनालय, या गोष्टींचाही त्या भावनेने विचार व्हावयास हवा.

प्रेमचंद रायचंद यांच्याइतके दान देणे प्रत्येकाला शक्य नाही आणि आज तशी आवश्यकताही नाही. १८९८ साली गिरगावातील सामान्य वाचकांनी जे केले ते मात्र प्रत्येक घराला शक्य आहे. येत्या लाभपंचमीला पेढीवर नवी वही उघडेल, घरात ज्ञानाचे पूजन होईल. त्याच दिवशी मुलांचा हात धरून जवळच्या वाचनालयात जावे, कुटुंबाच्या नावे सभासदत्वाचा अर्ज भरावा आणि मुलांना त्यांच्या आवडीचे पहिले पुस्तक निवडू द्यावे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्गणीची नोंद झाली, तर लाभ आणि ज्ञान या दोन्ही शब्दांचा अर्थ एकाच ओळीत सामावेल.